दुकानदाराच्या पोराला दुकानातला नोकर कोण बनवतंय?

जून महिना होता. नववीचे वर्ग नुकतेच भरले होते. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर एक कोरा कागद आला आणि सोबत निरोप, "सर, व्यवसाय विषयासाठी पंचवीस पोरं निवडून द्या." मी आठवीचा निकाल काढला आणि खालून मोजायला सुरुवात केली. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की व्यवसाय विषय म्हणजे 'ज्यांचं काही होणार नाही' त्यांचा विषय. सर्वांत कमी गुणांपासून वर येत येत मी पंचवीस नावं लिहिली आणि चहा प्यायला गेलो.

पंचविसावं नाव एका बागवानाच्या मुलाचं होतं. वडिलांचा फळांचा गाडा. संध्याकाळी हा पोरगा गाड्यावर असायचा. ऐंशी रुपये किलोच्या भावाने पावणेचार किलोचे किती, हे तो तराजू खाली ठेवायच्या आत सांगायचा. गणितात मात्र नापास.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "सर, मेरे बच्चे में क्या कमी है?" मी त्यांना श्रमप्रतिष्ठेवर भाषण दिलं. हुनर म्हणजे काय, दाऊद अलैहिस्सलाम स्वतः चिलखत बनवायचे, हातची कमाई किती हलाल, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर, आपका लडका ये सब्जेक्ट लेगा क्या?"

माझा मोठा मुलगा तेव्हा दुसऱ्या शाळेत, इंग्रजी माध्यमात होता आणि संध्याकाळी नीटच्या फाउंडेशन क्लासला जात होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तीन वर्षं उशिरा दिलेलं.

शाळेत व्यवसाय शिक्षण नको, असं मी मुळीच म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक आकडा दिला आहे. १९ ते २४ वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात पाच टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी या शिक्षणाची ओळख व्हावी, असं त्याच धोरणात लिहिलं होतं. २०२५ आलं आणि गेलं. म्हणजे गरज खोटी नाही. खोटं आहे ते आपण या विषयाच्या नावाने मुलांच्या हातात काय देतो आणि कोणाच्या हातात देतो, ते.

आधी काय देतो ते पाहू. समग्र शिक्षेतून नववी ते बारावीला जे व्यवसाय विषय येतात, त्यांचा अभ्यासक्रम भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेत तयार होतो. प्रत्येक विषयाला एक 'जॉब रोल' जोडलेला असतो, म्हणजे हे शिकून तुम्ही कोण होणार, ते. नववी-दहावीच्या रिटेल विषयाचा जॉब रोल आहे 'स्टोअर ऑपरेशन्स असिस्टंट'. सौंदर्य विषयाचा आहे 'असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट'. असिस्टंट, असिस्टंट. साध्या मराठीत सांगायचं तर दुसऱ्याच्या दुकानात माल उतरवणारा, फळीवर लावणारा, ट्रॉली ढकलणारा मुलगा आणि दुसऱ्याच्या पार्लरमध्ये हाताखाली राहणारी मुलगी.

आता हा विषय ज्या वर्गात शिकवला जातो, तो वर्ग बघा. माझ्या वर्गात कोण बसतं? बागवान, मण्यार, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, कुरेशी. कोणाचा गाडा, कोणाची टपरी, कोणाचं बांगड्यांचं दुकान, कोणाचा गादी कारखाना. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपल्याकडे भाषणात सगळे काढतात. त्यातला एक आकडा मात्र फारसा कोणी काढत नाही. शहरांतल्या मुस्लिम कामकऱ्यांपैकी ५७ टक्के स्वयंरोजगारात आहेत, हिंदूंमध्ये हे प्रमाण ४३ टक्के आहे. आपण नोकरदारांची जमात नाही, आपण छोट्या धंद्यांची जमात आहोत. कधी आवडीने, बऱ्याचदा नोकरी मिळत नाही म्हणून. अशा घरातल्या पोराला शाळा चौदाव्या वर्षी सांगते की बाळा, तू दुकानातला सहायक हो. अरे, त्याचा बाप मालक आहे! गाडा असेल, पण मालक आहे.

त्या बापाला शाळेकडून काय हवं होतं? तराजू धरायला तर त्याने स्वतःच शिकवलं होतं. त्याला हवं होतं ते त्याच्याकडे नव्हतं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि प्रमाणपत्रं दिल्याशिवाय गाडेवाल्याला हटवता येत नाही, असं त्यात लिहिलं आहे. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून आले पाहिजेत, असंही आहे. २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, सुरुवातीला पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं. मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळ आहे, तिथे कर्ज मागायला गेलात तर कागद मागतात. जीएसटी कधी लागतो, कधी लागत नाही. उद्यम नोंदणी कशी करायची. भाडेकरारात कोणती ओळ वाचल्याशिवाय सही करू नये. उधारीची वही कशी ठेवायची की वर्षाच्या शेवटी नफा झाला की तोटा, हे कळेल. यातलं काहीही त्या बापाला येत नव्हतं. मुलाला आलं असतं तर घर बदललं असतं.

आणि हे शिकवायला आकाशातून पुस्तक उतरायची वाट पाहायला नको. दहावीच्या गणित भाग एकमध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, उर्दू माध्यमाच्या पुस्तकातही आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहे. नववीत बचत आणि आयकर आहे. पण आपण ते कसं शिकवतो? करपात्र किंमत इतकी, दर इतका, कर काढा, पुढचं गणित घ्या. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या अब्बांचं खरं बिल मागवून फळ्यावर मांडलंय, असं मी तरी कुठे पाहिलं नाही. मीसुद्धा मराठी शिकवतो, तेव्हा 'अक्षरभारती'तलं पत्रलेखन म्हणजे मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा. नगरपालिकेला गाड्याच्या जागेसाठी अर्ज लिहा, असं मी वीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही. सातबारा मराठीत, नगरपालिकेची नोटीस मराठीत, तहसीलचा अर्ज मराठीत. माझी मुलं मराठीत निबंध लिहून पास होतात आणि बाहेर जाऊन नोटीस वाचायला एजंटाला पन्नास रुपये देतात. हा दोष भोपाळचा नाही, माझा आहे.

शेतीचं तर बोलूच नका. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. हंगामात हिंगोलीच्या मार्केट यार्डात जाऊन बघा, पिवळ्या धुळीने माणसं ओळखू येत नाहीत. आणि शाळेतल्या कृषी विषयाचा नववी-दहावीचा जॉब रोल कोणता? 'सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर'. म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरची. वांग्याला नाव ठेवायचं नाही मला. पण ज्याच्या घरात हळद शिजते, वाळते, ढोलात पॉलिश होते, अडत्याकडे जाते, त्याला ओलावा किती असला की भाव किती पडतो, अडत किती कापली, हमाली-तोलाई किती, पट्टी कशी वाचायची, हे शाळेत कधीच कळणार नाही. हळदीचा वायदा बाजार चालतो आणि त्याचा भाव मोबाइलवर दिसतो, हेही कळणार नाही. हमाली मात्र करायला मिळेल, कारण ती शिकावी लागत नाही.

आता शिकवणाऱ्याकडे वळू. व्यवसाय विषयाचा प्रशिक्षक शाळेचा नसतो. कंत्राटी संस्थेमार्फत येतो, करार संपला की जातो. मानधन कधी येईल ते त्यालाही माहीत नसतं. एका वर्षी आमच्याकडचा प्रशिक्षक मध्येच सोडून गेला आणि कित्येक आठवडे दुसरा कोणी आला नाही. त्या तासाला मी मराठी व्याकरण घेतलं. कागदावर तो तास व्यवसायाचाच राहिला. मुलांनी समास शिकले.

मी भाषेचा शिक्षक आहे. हा विषय एखाद्या भाषेच्या जागी घेता येतो, म्हणजे माझाच तास जाऊ शकतो. मी विरोध केला असता तर तो समजण्यासारखा होता. पण माझा विरोध विषयाला नाही, या व्यवहाराला आहे. भाषा काढायची, बदल्यात ट्रॉली द्यायची, हा सौदा मला मान्य नाही.

इथपर्यंत वाचून माझे अनेक दोस्त खूश झाले असतील. सरकारला शिव्या घातल्या की आपल्याकडे दाद मिळते. आता आरसा आपल्याकडे वळवतो.

दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात सत्कार होतात. एमबीबीएसला लागलेल्याचा फोटो बॅनरवर. इंजिनीअरचा त्याच्या खाली. आयटीआय करून स्वतःचं वायंडिंगचं दुकान काढलेल्या, चार पोरांना पगार देणाऱ्या मुलाचा फोटो मी आजवर एकाही बॅनरवर पाहिलेला नाही. स्टेजवरून वक्ते हुनरची महती सांगतात आणि खाली उतरून लग्नाच्या गोष्टीत विचारतात, "लडका क्या करता? गॅरेज? अच्छा... देखेंगे." आपल्यात जात नाही, असं आपण छातीठोक सांगतो आणि पिंजाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची वेळ आली की खानदान आठवतं. मी खालून मोजून पंचवीस नावं लिहिली ती शासनाच्या कुठल्या आदेशामुळे नव्हे. माझ्या डोक्यातल्या याच उतरंडीमुळे लिहिली.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. बहुजन चळवळीतले मित्र म्हणतात, गरिबांच्या पोरांना व्यवसाय शिकवा म्हणणं म्हणजे जातीचा धंदा परत त्यांच्या गळ्यात बांधणं. हा आक्षेप हवेतला नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली होती, गावच्या प्राथमिक शाळेत अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकावा. पेरियारांनी रान उठवलं. राजाजींना जावं लागलं आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती योजना रद्द केली. बरोबरच केलं. न्हाव्याच्या पोराने न्हावीच व्हावं, हे शाळा सांगणार असेल तर ती शाळा नसलेली बरी.

पण आपल्याकडे दुसरीही परंपरा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं व्यावहारिक ज्ञान मागितलं. शिक्षण कमी करून नव्हे, शिक्षणासोबत. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, तिच्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन, जामिया मिल्लियाचे, पुढे देशाचे राष्ट्रपती. हाताचं काम हेच शिक्षणाचं केंद्र, आणि ते सगळ्यांसाठी, असा तो विचार होता. कोठारी आयोगाने कार्यानुभव आणला तोही सगळ्यांसाठी. त्याचं पुढे काय झालं, हे माझ्या वयाच्या प्रत्येकाला माहीत आहे. कागदाची फुलं, खडू, मेणबत्त्या आणि तपासणीच्या आदल्या दिवशी बाजारातून विकत आणलेली पायपुसणी.

फरक इथे आहे. व्यवसाय सगळ्यांना शिकवला तर ते शिक्षण. फक्त खालच्या पंचवीसांना शिकवला तर ती राजाजींचीच योजना, नवीन नाव लावून.

होऊ शकतं का, असं विचारणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जावं. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम. वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य. शिकवणारे गावातलेच कारागीर. मुलं गावकऱ्यांना खरी सेवा देतात, खर्च काढतात, हिशेब ठेवतात. मुली वेल्डिंग करतात, मुलं स्वयंपाकघरातलं काम करतात. १९८७ मध्ये एसएससी बोर्डाने या विषयाला मान्यता दिली. पाबळला पाऊस कमी, पैसा कमी. आपल्यापेक्षा वेगळं काही नाही तिथे.

मुलींचं आलंच आहे तर बोलून टाकतो. आपल्याकडे मुलींना ब्युटी आणि मुलांना ऑटो, अशी वाटणी आपोआप होते. माझ्या एका विद्यार्थिनीची अम्मी घरी शिलाई करते. कापड किती, धागा किती, वीज किती, तिची मजुरी किती, हे तिने कधी मांडलंच नाही. शेजारीण म्हणेल तो भाव. संत नामदेव आपल्याच नर्सीचे, शिंप्याच्या घरातले. त्यांचं नाव घेऊन भाषणं करणाऱ्या या जिल्ह्यात शिलाई करणाऱ्या बाईला मोल ठरवायला कोणी शिकवत नाही.

काही मित्र म्हणतील, उर्दूत हे कसं शिकवणार, शब्दच नाहीत. हे ऐकलं की मला हसू येतं. आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथे वैद्यकशास्त्र, कायदा, इंजिनीअरिंग सगळं उर्दूतून शिकवलं गेलं. त्यासाठी दार-उल-तर्जुमा नावाची भाषांतराची संस्था उभी केली होती. ज्या भाषेत पूल बांधायला शिकवलं, त्या भाषेत उधारीची वही शिकवता येत नाही? मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची. तिचं साबू सिद्दीक तंत्रशिक्षण १९३६ पासून. आपल्या बुजुर्गांना हे सुचलं होतं. आपण विसरलो.

आणि पुढचं बघा. औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी मोजणारं यंत्र आपल्या दारात. तिथे शास्त्रज्ञ येतील ते बाहेरून. पण निर्वात नळ्या, वीज, वातानुकूलन, काँक्रीट, देखभाल, खानावळ, वाहनं, हे सगळं कोणीतरी पुरवणार आहे. आपला पोरगा तिथे सिक्युरिटी गार्ड म्हणून लागणार की निविदा भरणारा पुरवठादार म्हणून? आज नववीत असलेला मुलगा त्या वेळी वीस-बावीसचा असेल. निविदा म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार आहे?

म्हणून माझं मागणं साधं आहे. शासनाकडे कमी, आपल्या संस्थाचालकांकडे, पालकांकडे आणि माझ्यासारख्या शिक्षकांकडे जास्त.

यादी खालून मोजणं बंद. घ्यायचा तर पूर्ण वर्गाने घ्यायचा, पहिल्या नंबरासकट. नववीच्या प्रत्येक मुलाने एक वर्ष खऱ्या दुकानाचा, गाड्याचा किंवा शेताचा हिशेब ठेवावा, शक्यतो स्वतःच्या घरचा. शिकवायला मोहल्ल्यातला उस्ताद बोलवा, त्याला तासाचे पैसे द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. जकातीचे, संस्थेचे, माजी विद्यार्थ्यांचे पैसे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जातात, त्यातले थोडे इथे येऊ द्या. मराठीच्या तासाला अर्ज, करार, नोटीस वाचायला लावा. ते मी या वर्षी सुरू केलं आहे, कोणाची परवानगी न घेता. आणि मुलींना मुलांचं, मुलांना मुलींचं काम शिकू द्या.

तो बागवानाचा मुलगा दहावी पास झाला. रिटेल विषयात त्याला चांगले गुण होते. मागच्या दिवाळीत नांदेडला गेलो होतो तर एका मोठ्या दुकानात भेटला. कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ट्रॉल्या ओळीत लावत होता. मला बघून पळत आला, सलाम केला. म्हणाला, "सर, किताब में जो था, वहीच काम है." सरकारी अहवालात हा मुलगा यशस्वी म्हणून मोजला जाईल.

मी विचारलं, "अब्बा का गाडा कौन चलाता?"

"बंद हो गया सर. जगह गई. नगरपालिकावाले उठा दिए. कागज नहीं था अपने पास."

कायदा होता, समिती होती, कर्ज होतं. कागद नव्हता. आणि कागद कसा मिळवायचा, हे ज्या शाळेने शिकवायचं, त्या शाळेत तेव्हा मी होतो. मी त्याला समास शिकवत होतो.

माझा धाकटा मुलगा माझ्याच शाळेत आठवीत आहे. येत्या जूनमध्ये यादी करायची वेळ आली तर पहिलं नाव त्याचं लिहायचं, असं मी घरी सांगितलं आहे. त्याची अम्मी म्हणते, आधी क्लासची फी भरली आहे ती परत आणा, मग बोला. वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या घरात सुरू झाला असेल तर या लेखाचं काम झालं.